गोळी, चहा आणि भाकरी : संप्रेरकांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात थायरॉईडविषयी एक छोटे उत्तर छापल्यानंतर या स्तंभाकडे बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांत एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत आहे : हार्मोन बिघडले आहेत, तर काय खावे आणि काय सोडावे? संप्रेरक किंवा हार्मोन म्हणजे एखाद्या ग्रंथीने रक्तातून दूरच्या अवयवाला धाडलेला निरोप. तो निरोप घडवायला लागणारा कच्चा माल अन्नातूनच येतो, आणि कोणता निरोप केव्हा निघावा हेही पुष्कळदा अन्नावरच ठरते. पत्रे वाचताना मला जाणवले ते असे, की सोडायच्या पदार्थांची यादी प्रत्येकाजवळ तयार आहे. परंतु जे खातो ते कशाबरोबर, किती वाजता आणि कसे करून खातो याची चौकशी जवळपास कोणीच केलेली नाही. आपल्या भागातील बिघाड मला बहुधा याच ठिकाणी सापडतो. वाचकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे व गावे गाळून केवळ जिल्हा ठेवला आहे.

प्रश्न : माझे वय 39 वर्षे आहे. तीन वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू असून तिची मात्रा 50 वरून 100 मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवली, तरी टीएसएच कमी होत नाही. गोळी मी रोज सकाळी न चुकता चहाबरोबर घेते आणि विसर पडू नये म्हणून लोहाची व कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेते. जाऊबाईंनी सांगितल्यावरून कोबी, फुलकोबी व बाजरी बंद केली आहे आणि मीठ सैंधव वापरते. आणखी काय सोडावे? (जिल्हा परभणी)

उत्तर : ताई, आपण जे सोडले आहे त्यातील बहुतेक पुन्हा ताटात घ्यावे आणि सकाळची एक सवय तेवढी बदलावी, असे माझे मत आहे.

टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा थायरॉईडकडे लावलेला तगादा असतो. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की हा तगादा वाढतो, आणि गोळीतून ते संप्रेरक पुरेसे मिळाले की तो आपोआप कमी होतो. आपली मात्रा दुप्पट होऊनही तगादा कमी होत नसेल, तर गोळी पोटात जाते पण रक्तात पोहोचत नाही, ही शक्यता सर्वांत आधी तपासायला हवी. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिचा सुमारे 70 ते 80 टक्के भागच शोषला जातो. चहा, कॉफी आणि दूध हा वाटा आणखी कमी करतात. लोह आणि कॅल्शियम तर आतड्यातच गोळीला चिकटून तिला बाहेर घेऊन जातात. आपण तिन्ही गोष्टी एकाच घोटात घेत आहात. तेव्हा उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असल्यास एक तास चहा घेऊ नये, आणि लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर, म्हणजे एक दुपारच्या व दुसरी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास घ्यावी. पहाटे उठताच चुलीपुढे बसावे लागणाऱ्या आणि सगळ्यांबरोबर चहा घ्यावाच लागणाऱ्या बाईला हे सोपे नसते, हे मी जाणते. अशा वेळी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा मार्गही आहे. मात्र तो आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा आणि मग लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी रात्री घेऊ नये. हे संप्रेरक शरीरात सावकाश साठते व सावकाश ओसरते, त्यामुळे बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा तपासावा. शोषण सुधारल्यावर 100 ची मात्रा जास्तही ठरू शकते. छातीत धडधड, हातांना कंप किंवा अकारण वजन घटणे जाणवल्यास तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

आता मिठाविषयी. थायरॉईड ग्रंथी प्रामुख्याने जे संप्रेरक बनवते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-4 म्हणतात. त्यातील एक अणू निघाला की प्रत्यक्ष काम करणारे टी-3 तयार होते. प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, आणि गरोदरपणात ही गरज 250 पर्यंत जाते. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या भागात ते मिळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला तो याच कारणाने. घरात पोहोचणाऱ्या मिठात दर किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. सैंधव बहुधा आयोडीन न घालताच विकले जाते. आपल्या घरात सून किंवा मुलगी गरोदर राहणार असेल, तर तिच्या बाळाच्या मेंदूची वाढ या एका बदलामुळे धोक्यात येऊ शकते, म्हणून घरातले मीठ बदलण्याआधी फार विचार करावा. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि भाजी उतरवताना शेवटी घालावे. याउलट, आयोडीन जास्त घेतल्याने आपला आजार बरा होईल असेही समजू नये. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांतील थायरॉईडची मंदता बहुतांशी हाशिमोटो या आजाराने होते. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच ग्रंथीवर हल्ला करते आणि तेथे जादा आयोडीन अपायही करू शकते.

कोबी आणि बाजरीविषयीची भीती अगदी निराधार नाही, परंतु ती आपल्या ताटाला लागू पडत नाही. सुदानच्या दारफूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांमध्ये गलगंड आढळला, आणि बाजरीतील काही द्रव्ये थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात हे अभ्यासातून दिसले, हे खरे आहे. परंतु दोन्ही वेळा वर्षानुवर्षे बाजरीच खाणे आणि आयोडीनही कमी मिळणे, असे दोन्ही एकत्र आल्यावरचे ते चित्र आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात संक्रांतीच्या दिवसांतली तीळ लावलेली बाजरीची भाकरी किंवा आठवड्यातून दोनदा शिजवलेली कोबीची भाजी यांनी काहीही बिघडत नाही. उलट आपल्याला लोहाची गोळी दिली आहे त्या अर्थी रक्त कमी असावे, आणि टी-4 घडवणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहच असते. तेव्हा लोह देणारी बाजरी सोडून आपण स्वतःचेच नुकसान करीत आहात.

प्रश्न : मी 19 वर्षांची असून नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. वर्षभरात वजन नऊ किलोंनी वाढले, पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि हनुवटीवर केस आले आहेत. सोनोग्राफीत पीसीओडी हा अंडाशयांचा विकार असल्याचे सांगितले. मैत्रिणींच्या सांगण्यावरून मी पोळी-भात पूर्ण बंद करून दिवसभर फक्त फळे खाऊन पाहिली, पण चक्कर येते आणि अभ्यास होत नाही. (जिल्हा लातूर)

उत्तर : बाळ, फळांवर राहणे आजच बंद करावे. ते का, हे समजून घेतलेस तर पुढचे सोपे जाईल, आणि तू ज्या परीक्षेची तयारी करते आहेस तिच्या पुस्तकातच याचा अर्धा भाग आहे.

जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. सतत बैठे काम, अपुरी झोप आणि वारंवार होणारे चहा-बिस्किटांसारखे खाणे यांमुळे स्नायू व यकृत या निरोपाला दाद देईनासे होतात, तेव्हा स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. स्नायूंनी न जुमानलेले हे जादा इन्शुलिन अंडाशयांना मात्र व्यवस्थित ऐकू जाते आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अधिक बनवायला लावते. शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत बनवत असते, त्याचे प्रमाणही इन्शुलिनमुळे घटते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढले की हनुवटीवर केस येतात आणि बीज परिपक्व होऊन बाहेर पडण्याचे काम मध्येच अडते. पाळी लांबते ती त्यामुळे. प्रत्येकीच्या शरीरात हे याच क्रमाने घडते असे नाही, परंतु तुझ्या वजनवाढीवरून तुझ्या बाबतीत इन्शुलिनचा वाटा मोठा असावा असे दिसते.

आता उपाशी राहण्याचे. शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडते; 1994 मध्ये ते ओळखले गेले. साठा पुरेसा आहे, ही वर्दी ते मेंदूला देते. खाणे एकाएकी तोडले की लेप्टिन झपाट्याने उतरते आणि मेंदू पुनरुत्पादनाचे काम तात्पुरते थांबवतो. म्हणजे आधी जी पाळी जादा इन्शुलिनमुळे लांबत होती ती आता उपासमारीमुळे लांबेल, आणि सोनोग्राफीवरून हा फरक सहज कळणारही नाही. वजन जास्त असलेल्या मुलींमध्ये ते पाच ते दहा टक्के कमी झाले तरी पुष्कळ जणींची पाळी नियमित होऊ लागते. तुझे वजन 65 किलो असेल तर हे तीन ते साडेसहा किलो होतात, आणि ते सहा महिन्यांत सावकाश उतरावेत.

मेसमध्ये काय मिळते यावर तुझा ताबा नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे मिळते त्यातच क्रम आणि प्रमाण बदलावे. सकाळी पोहे असतील तर त्यांच्यासोबत मूठभर फुटाणे, भिजवलेले शेंगदाणे किंवा खात असशील तर दोन उकडलेली अंडी घ्यावीत, कारण नुसत्या पोह्यांनी वाढलेली साखर दोन तासांत उतरते आणि पुन्हा बिस्किटाची आठवण होते. जेवताना आधी कोशिंबीर व उसळ, मग पोळी-वरण आणि शेवटी थोडा भात घ्यावा. प्रथिने व चोथा आधी पोटात गेल्यास साखर सावकाश वाढते. जेवणानंतर खाटेवर पुस्तक घेऊन बसण्याऐवजी पंधरा मिनिटे गच्चीवर चालत पाठांतर करावे. चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतो. आणि झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नये. जागरणाने भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, लेप्टिन घटते आणि इन्शुलिनचे ऐकणे आणखी कमी होते. मुलांच्या जागरणाला मेहनत समजणारे पालक हे वाचत असतील तर त्यांनी कृपया मुलीच्या झोपेची चौकशी गुणांच्या आधी करावी.

पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. गर्भाशयाचे अस्तर फार काळ साचू देणे योग्य नसते आणि त्यासाठी औषध लागते.

प्रश्न : माझे वडील 64 वर्षांचे असून माळकरी आहेत. दहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. साखर सोडून गुळाचा चहा घेतात, पोळी सोडून ज्वारीच्या चार भाकरी खातात, तरी साखर वाढलेलीच असते. प्रत्येक एकादशीला साबुदाणा असतो. तळपायांना मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्याच आहेत असे ते म्हणतात. (जिल्हा धाराशिव)

उत्तर : गुळाने फसवणूक होते, कारण तो घरचा आणि साधा वाटतो. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात आणि 100 ग्रॅम गुळात सुमारे 380. गुळातील थोडेसे लोह व इतर क्षार सोडले तर स्वादुपिंडाच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत. दिवसातून चार कप गुळाचा चहा म्हणजे चार कप साखरेचाच चहा धरावा.

ज्वारीचे मात्र मी मनापासून समर्थन करते. तिच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा व तेवढीच प्रथिने असतात आणि तिचा स्टार्च पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचतो. परंतु सावकाश पचणारे पिष्टही शेवटी साखरच होते. भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरले, तर चार भाकऱ्यांतून एका वेळी दीडशे ग्रॅमहून अधिक पिष्ट पोटात जाते, आणि सोबत नुसता ठेचा व पातळ कालवण असेल तर पोट भरेपर्यंत भाकरीच वाढत राहते. दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, करडई, मेथी किंवा अंबाडीची भाजी आणि चमचाभर जवसाची चटणी, असे ताट करून पाहावे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि तुरीच्या डाळीत ते भरपूर असते. आपल्याकडे ज्वारी आणि तूर एकाच शेतात उभी असते. ताटात मात्र तूर पातळ होत गेली आणि भाकरी वाढत गेली, हे मला फार खटकते.

एकादशी मोडा असे मी वडिलांना सांगणार नाही. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, समोर अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत निरंकार राहिल्यास साखर घसरून घाम, थरथर, भ्रम आणि क्वचित बेशुद्धी येऊ शकते. मग संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तीच साखर उसळते, कारण साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे आणि 100 ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिने नसतात. एकादशीच्या दिवशी या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उपवासाला ताक, शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर आणि राजगिरा असे घ्यावे आणि साबुदाणा चवीपुरता ठेवावा.

पायांच्या मुंग्यांविषयी मी आग्रहाने लिहिते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास व्हिटॅमिन बी-12 चे शोषण कमी होऊ शकते, आणि हे जीवनसत्त्व वनस्पतीज अन्नात जवळपास नसते. वडील मांस-अंडी खात नाहीत, दूधही चहापुरतेच घेत असतील, तर दोन्ही बाजूंनी तूट पडते. तिची लक्षणे मधुमेहाच्या नसांच्या विकारासारखीच असतात; फरक एवढाच, की ही तूट वेळेत ओळखली तर भरून निघते आणि फार उशीर झाला तर नसांची इजा कायम राहते. बी-12 ची तपासणी करून घ्यावी, त्याबरोबर हिमोग्लोबिनही पाहावे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी ही तपासणी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, आणि त्या आकड्यावरून औषध वाढवले जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : घरचे सोयाबीन असल्याने आमच्याकडे सोयाबीनच्या वड्या नेहमी होतात. त्यात बायकांचे हार्मोन असते आणि पुरुषाला कमजोरी येते असे मित्र सांगतात. (जिल्हा लातूर)

उत्तर : सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात. त्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी असली तरी त्यांचा परिणाम त्याच्या तुलनेत फार क्षीण असतो. नेहमीच्या प्रमाणात सोयाबीन खाणाऱ्या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, हे अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करून दिसून आले आहे. आठवड्यातून दोन-तीनदा वड्या निःशंक खाव्यात. सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट भाजलेले मात्र खाऊ नये, कारण त्यातील प्रथिनांचे पचन अडवणारा घटक चांगल्या उष्णतेनेच नष्ट होतो. घरात कोणी थायरॉईडची गोळी घेत असेल तर सोयाबीन आणि ती गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

प्रश्न : म्हशींना पान्हा सोडण्यासाठी देतात त्या इंजेक्शनामुळे मुली लवकर वयात येतात का? मुलीचे दूध बंद करावे का? (जिल्हा नांदेड)

उत्तर : दूध बंद करू नये. ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचे असते. जनावराला ते असे देणे चुकीचे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे, पण ऑक्सिटोसिन हे लैंगिक संप्रेरक नाही. नऊ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी आहे आणि पोटात ती इतर प्रथिनांसारखीच पचून जाते. इन्शुलिनही असेच पचून जाते, म्हणून तर 1922 मध्ये पहिल्या रुग्णाला दिले तेव्हापासून ते टोचावे लागते. मुली आधी वयात येण्याशी सर्वांत स्पष्ट संबंध दिसतो तो लहानपणी वाढलेल्या चरबीचा. दूध चालू ठेवून पाकिटातले कुरकुरीत खाणे आणि गोड पेये कमी करावीत. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे, पण दहा वर्षांचा वाटतो. मिसरूड नाही, आवाज फुटला नाही. भूक लागत नाही, भाकरी-चटणी एवढेच खातो आणि लपून भिंतीची माती खातो. घरात सर्व उंच आहेत. (जिल्हा हिंगोली)

उत्तर : आपल्या पत्रातील मातीचा उल्लेख वाचून मला इराणमधील शिराज शहराची आठवण झाली. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये तेथे काम करीत असताना त्यांच्याकडे 21 वर्षांचा एक तरुण आला, जो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. त्याला तीव्र रक्तक्षय होता, वयात येण्याच्या खुणा नव्हत्या. तो न आंबवलेल्या गव्हाच्या रोट्यांवर जगत होता आणि माती खात होता. अशा रुग्णांच्या अभ्यासातून, माणसात जस्ताची कमतरता होते आणि तिने उंची व पौगंडावस्था दोन्ही खुंटतात, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले. जस्त देताच त्यांच्यापैकी अनेकांची वाढ सुरू झाली. रोट्यांत जस्त नव्हते असे नाही. धान्याच्या कोंड्यातील फायटेट त्याला धरून ठेवत होते.

वाढीचे संप्रेरक मेंदूखालून निघते, पण हाडांना वाढायला लावणारे आयजीएफ-1 यकृतात बनते, आणि प्रथिने, उष्मांक व जस्त कमी पडले तर यकृत ते कमी बनवते. जस्त कमी पडले की भूकही मरते, त्यामुळे तूट स्वतःच वाढत जाते. माती खाणे हे लोह कमी असल्याचेही लक्षण असते, आणि मातीमुळे जंत होतात.

फायटेट तोडण्याची रीत आपल्या आजींना ठाऊक होती, नाव ठाऊक नसले तरी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवायला बसतो तेव्हा ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील असते आणि भज्जीत ओले हरभरे, वाटाणे, पावटे, शेंगदाणे एकत्र असतात. आंबवणे, भिजवणे आणि मोड आणणे या तिन्ही क्रियांनी फायटेट कमी होऊन लोह व जस्त मोकळे होते. हे आंबील वर्षातून एकदा न करता आठवड्यातून चार वेळा करावे, सोबत मोड आलेली मटकी किंवा हुलगे, शेंगदाणे, दही आणि चालत असल्यास अंडी द्यावीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला असून त्यात दर किलोला सुमारे 45 मिलिग्रॅम लोह व 32 मिलिग्रॅम जस्त असते. शेती असेल तर घरापुरता तो अवश्य पेरावा.

मात्र आहार सुधारतो आहे म्हणून तपासणी लांबवू नये. चौदाव्या वर्षी पौगंडाची कोणतीही खूण नसणे ही तपासणीची वेळ आहे. हिमोग्लोबिन, टीएसएच, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय आणि गव्हाने आतडे बिघडणाऱ्या सिलियाक आजाराची चाचणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. काही मुले उशिरा पण पूर्ण वाढतात. तुमचा मुलगा त्यांपैकी असेल तर तेही एक्स-रेवरून बरेचसे कळेल.

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी पिशवी काढली, कारण अंगावर पांढरे जात होते आणि पुढे कॅन्सर होईल असे सांगितले होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. आता कंबर धरते, मोळी उचलवत नाही, रात्री घामाने अंग भिजते, जीव घाबरा होतो. अशक्तपणा म्हणून सलाईन लावतात. खाण्यात काय घ्यावे? (मुलीने लिहून दिलेले पत्र, जिल्हा बीड)

उत्तर : ताई, आपल्यासारख्या स्त्रिया एक-दोन नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती. अंगावर पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणारे दुखणे असते, आणि एकोणतिसाव्या वर्षी तेवढ्यासाठी पिशवी काढली गेली याचे मला दुःख वाटते. पण आज आपल्याला उपयोगी पडेल ते लिहिते.

सर्वांत आधी हे कळले पाहिजे, की पिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशये काढली की ठेवली. पिशवी मूल वाढवते. इस्ट्रोजेन बनवतात ती अंडाशये. ती काढली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवसांत बंद पडते. ती ठेवली असतील तरीही पाळी जाण्याचा काळ काही वर्षे आधी येऊ शकतो, आणि पिशवी नसल्याने पाळीवरून तो ओळखता येत नाही. रात्रीचा घाम आणि धडधड यांवरून आपल्या बाबतीत तसेच काही घडले असावे अशी शंका येते. इस्ट्रोजेन असेपर्यंत हाड झिजवणाऱ्या पेशी आवरलेल्या असतात. ते गेले की हाड भरण्यापेक्षा झिजते अधिक. सलाईनमधून मीठ-पाणी आणि थोडी साखर मिळते. हाडाला किंवा रक्ताला त्यातून काही मिळत नाही. ते पैसे दुधाला आणि अंड्यांना लावावेत.

आपल्याला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पाव लिटर दुधातून त्याचा चौथा भाग किंवा थोडा अधिक, म्हणजे सुमारे 250 ते 300 मिलिग्रॅम, मिळतो. फडावर दूध मिळत नसेल तर तीळ न पाखडता, सालीसकट भाजून शेंगदाण्यांबरोबर कुटून चटणी करून सोबत न्यावी. ती महिनाभर टिकते आणि तिळात कॅल्शियम भरपूर असते, जरी ते सगळे अंगी लागत नाही. नाचणीचे पीठ मिळाल्यास ज्वारीच्या पिठात मिसळावे. कॅल्शियम आतड्यातून आत घ्यायला व्हिटॅमिन डी लागते. त्वचेत बनलेले हे द्रव्य आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात घडून संप्रेरकासारखेच काम करते. दिवसभर उन्हात असूनही डोक्यापासून मनगटापर्यंत अंग झाकलेले असल्याने ते आपल्यात कमी असू शकते. तपासून डॉक्टर देतील तेवढेच घ्यावे.

कॅल्शियमइतकेच महत्त्वाचे आहे ते पोटभर खाणे. फडावर पहाटे काळा चहा, दुपारी कोरडी भाकरी आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरलेले, असा अनेक जणींचा दिवस असतो. माझी आईही सर्वांत शेवटी जेवायला बसत असे आणि भाजी संपलेली असली की पाण्यात भिजवून भाकरी खात असे. तिची कंबर पन्नाशीत वाकली. डाळ शिजली की पहिली वाटी आपण बाजूला काढून ठेवावी, असे मी आपल्याला आणि पत्र लिहून देणाऱ्या आपल्या मुलीलाही सांगते. जेवणाबरोबर व जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये, कारण त्यातील टॅनिन लोह अडवते. भाजीवर लिंबू पिळावे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय अशक्तपणावर औषध घेऊ नये. मिश्री लावत असाल तर ती सोडावी.

आणि हे सर्व करूनही एक गोष्ट खाण्याने भरून निघणार नाही. अंडाशये नसतील तर तिळातून किंवा सोयाबीनमधून इस्ट्रोजेनची जागा भरता येत नाही. इतक्या कमी वयात अंडाशये गेलेल्या स्त्रीला, विशेष अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकाचे औषध देण्याची पद्धत आहे, आणि ते ठरवायला स्त्रीरोगतज्ज्ञच हवेत. फडावर निघण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात जावे, शस्त्रक्रियेच्या वेळचे कागद सोबत न्यावेत, ते नसतील तर सोनोग्राफी करून अंडाशये आहेत का ते पाहायला सांगावे आणि एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणाऱ्या संप्रेरकाची, रक्ताची तपासणी करून घ्यावी. कागदावर काय लिहिले आहे ते मुलीकडून या स्तंभाच्या पत्त्यावर उतरवून पाठवावे. पुढच्या अंकाची वाट न पाहता मी त्याचे उत्तर पोस्टाने देईन.